डाव्या पायाला जागा देणारे साळवेसाहेब

श्री. वामनराव साळवे यांची आणि माझी ओळख एका मेमोमुळे झाली, आणि तो मेमो मीच टाइप केलेला होता. गौरवग्रंथातल्या लेखाची अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. समितीच्या मंडळींनी मला 'साहेबांच्या कार्याचा परिचय करून द्या' असं बजावून सांगितलं होतं. पण साहेबांच्या कार्याचा परिचय करून द्यायचा, तर त्या कार्याबद्दल त्यांच्यावर ठपका ठेवणाऱ्या कारकुनापासूनच सुरुवात करावी लागते. तो कारकून मी, त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी वाहन विभागात चिकटलो होतो. वय चोवीस, घर बदलापुरात कुळगावला, आणि डोक्यात नियमांचं पुस्तक. विभागात सहा गाड्या आणि आठ ड्रायव्हर होते. मला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही, पण गाडीबद्दलचे कारखान्याचे सगळे नियम कलमांसकट तोंडपाठ होते. अशा माणसापासून जगाने चार हात दूर राहावं, हे मला पुढे फार उशिरा समजलं.

एका सकाळी गाड्यांची पाहणी करताना एका गाडीत ड्रायव्हरच्या पायापाशी, क्लचच्या डाव्या बाजूला, लाकडाचा एक तिरका ठोकळा स्क्रूने बसवलेला दिसला. वर जुन्या टायरचं रबर खिळ्यांनी ठोकलेलं. मी ताबडतोब विचारणा केली. पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या गणवेशातले एक उंच गृहस्थ पुढे आले. "जय भीम, साहेब," म्हणाले. "मी साळवे. तो मीच बसवला."

"हे काय आहे?" मी.

"डाव्या पायाला जागा."

"डाव्या पायाला वेगळी जागा कशाला हवी?"

"साहेब, तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा डावा पाय कुठं ठेवता?"

"जमिनीवर. आणखी कुठे ठेवणार?"

"मग आमचा हवेत का?"

मी सरळ टेबलावर जाऊन मेमो टाइप केला. 'कारखान्याच्या मालमत्तेत अनधिकृत फेरफार' असे शब्द त्यात होते. ते शब्द मला तेव्हा फार भारदस्त वाटले होते.

ज्यांचा गाडी चालवण्याशी कधी संबंध आला नाही, अशा वाचकांसाठी साहेबांचं म्हणणं काय होतं ते सांगतो. मला ते समजायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत समजेल. गाडी चालवताना उजव्या पायाला सतत काम असतं. डाव्या पायाला काम फक्त गिअर बदलताना, क्लच दाबण्यापुरतं. उरलेल्या वेळात त्या पायाने जायचं कुठे? त्या काळच्या गाड्यांमध्ये त्याची सोय कुणी केलेलीच नव्हती. मग तो बिचारा क्लचवरच अलगद टेकून राहतो, आणि क्लच प्लेट विनाकारण घासत राहते. नाहीतर तो क्लचच्या वर अधांतरी उचललेला राहतो, आणि मांडी, गुडघा, कंबर सगळं ताठरून जातं. नाहीतर मागे सीटखाली दुमडला जातो, आणि ऐन वेळी क्लच सापडत नाही. साहेब म्हणायचे, "डावा पाय शांत तर कंबर शांत. कंबर शांत तर हात शांत. हात शांत तर रस्त्यावरचा माणूस घरी पोचतो."

हे सगळं त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या सात वर्षांत त्यांना गाड्या धुण्याचं काम होतं. गाडी धुताना रोज पायापाशीचं रबर झिजलेलं दिसायचं. उजवीकडे एका जागी, आणि डावीकडे प्रत्येक ड्रायव्हरचं निराळ्या जागी. "उजव्या पायाला घर होतं, साहेब. डावा रोज बिऱ्हाड बदलत होता," हे त्यांचं निरीक्षण. ड्रायव्हर झाल्यावर त्यांनी त्यावर काम सुरू केलं. ठोकळ्याचा उतार ॲक्सिलरेटरच्या उताराएवढाच हवा, म्हणजे दोन्ही गुडघे सारख्या उंचीवर येतात. ठोकळा क्लचपासून इतका बाजूला हवा, की पाय उचलून नेताना बूट अडकू नये. सीट इतकी पुढे हवी, की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहावा. हे सगळं ते सुतळीने मोजायचे. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाची गाठ मारलेली सुतळी त्यांच्या खिशात असायची.

सीटच्या बाबतीतही त्यांचा तोच काटेकोरपणा. उल्हासनगरात एका सिंधी शेठचं सीट-कव्हरचं दुकान होतं. गाडीच्या सीटमध्ये मांडीखाली काथ्या थोडा जास्त भरून घ्यायला साहेब त्यांच्याकडे रविवारी जाऊन बसायचे. एकदा मीही सोबत होतो. शेठ वैतागून म्हणाले, "साईं, दस बार खोला, दस बार भरा! गाडी का सीट है, दामाद का गद्दा थोडी है!" साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, दामाद तो साल में दो दिन आता है. ड्रायव्हर रोज आठ घंटा बैठता है." शेठने अकराव्यांदा सीट उघडली.

आता मेमोकडे वळतो. मेमोला साहेबांनी एका ओळीत उत्तर दिलं: 'चालकाच्या डाव्या पायाला जागा नव्हती, ती केली.' खाली सही. मी ते उत्तर उद्धटपणाचं मानलं आणि फाइल थेट मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. वास्तविक त्या एका ओळीमागे बरंच काही होतं. ते साहेबांनी लिहिलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्यांनी लिहिलं नाही, कारण त्यात दुसऱ्याचं नाव आलं असतं.

ते नाव बाबुराव म्हात्रे यांचं. बाबुराव आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, राहणार मांजर्ली. त्यांचा डावा गुडघा इतका सुजायचा, की संध्याकाळी गाडीतून उतरताना ते दाराला धरून उभे राहायचे. ही गोष्ट वर कळली असती, तर डॉक्टरी तपासणी होऊन बाबुराव अनफिट ठरले असते. ड्रायव्हर मंडळींनी ती गुप्त ठेवली होती. मला दिसलेला तो पहिला ठोकळा साहेबांनी बाबुरावांच्या गाडीत बसवला, तो या गुडघ्यासाठी. पाय टेकायला जागा मिळाली आणि महिन्या-दोन महिन्यांत सूज उतरली. बाबुराव ताठ चालायला लागले. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

मॅनेजरसाहेब कडक, पण ऐकून घेणारे होते. त्यांनी फाइल वाचली आणि म्हणाले, "कागदावर कशाला भांडायचं? मी स्वतः गाडीत बसतो. अंबरनाथ ते उल्हासनगर आणि परत. ड्रायव्हर मी निवडणार. त्या ठोकळ्याचा उपयोग मला दिसला, तर प्रश्न मिटला. नाही दिसला, तर साळवे उद्यापासून गाडीवर नाहीत. गेटवर ड्यूटी." गेटवरची नोकरी वाईट नसते. पण सात वर्षं गाड्या धुऊन ज्यांनी स्टिअरिंग मिळवलं होतं, त्यांच्यासाठी ती शिक्षाच होती. साळव्यांच्या घरात गाडी चालवण्याचा परवाना काढणारे ते पहिलेच. चाचणीचा दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आणि इथे माझ्या हातून दुसरं पाप घडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. गाड्यांनाही झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, पेढे. साळवेसाहेब त्या दोन दिवसांत कधीच नसत. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ते दरवर्षी सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या वर्षी भटजी आले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "अहो, आपले वैद्य आहेत की! त्यांना येतात दोन-चार मंत्र." वैद्य म्हणजे मीच, आणि मलाही तेवढंच हवं होतं. मी सोवळ्यातल्या थाटात हातात अक्षता घेतल्या आणि गणपतीत ऐकलेलं जे जे आठवत होतं, ते खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. स्टिअरिंगला कुंकू लावलं, बॉनेटला लावलं. बाबुरावांच्या गाडीपाशी आलो तेव्हा बाबुराव म्हणाले, "साहेब, खाली त्यालाबी लावा." मी वाकलो, ठोकळ्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. ज्याच्याविरुद्ध मेमो दिला त्याचीच पूजा आपण करतोय, एवढंही माझ्या ध्यानात आलं नाही.

चाचणीच्या दिवशी साहेब नागपूरहून सकाळी कल्याणला उतरून थेट कामावर आले. डोळ्यांत प्रवासाचा शीण होता, पण गणवेशाला इस्त्री होती. मॅनेजरसाहेबांनी ड्रायव्हर म्हणून सर्वांत ज्येष्ठ म्हणजे बाबुरावांनाच निवडलं. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ज्या माणसाला ठोकळ्याने सगळ्यात जास्त सुख दिलं, तोच माणूस गाडी चालवणार होता. मॅनेजरसाहेब बाबुरावांच्या शेजारी बसले. मी वही घेऊन मागच्या सीटवर. साहेब गेटपाशी उभे राहिले.

गाडी निघाली. उल्हासनगरच्या रस्त्यावर सायकली, हातगाड्या, फर्निचर लादलेले टेम्पो. मॅनेजरसाहेबांची नजर बाबुरावांच्या डाव्या पायावर. मीही मागून मान लांब करून बघत होतो. बाबुरावांचा पाय ठोकळ्यावर गेला नाही. एकदाही नाही. गिअर पडला की पाय उचलायचा आणि क्लचच्या वर तसाच हवेत धरायचा. जाताना तसंच, येताना तसंच. बाबुरावांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. परतीच्या वाटेवर तर त्यांचा गुडघा थरथरताना मला दिसला. आणि मी? मी वहीत लिहिलं, 'उपयोग शून्य.' आज ते लिहिताना शरम वाटते.

गेटपाशी गाडी थांबली. मॅनेजरसाहेब उतरले आणि म्हणाले, "साळवे, तुमचा सर्वांत जुना ड्रायव्हरसुद्धा त्यावर पाय ठेवत नाही. आता मी काय समजायचं?"

साहेबांचा चेहरा उतरला. बाबुरावांच्या बाजूचं दार उघडून ते खाली वाकले आणि क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग उठून हळू आवाजात विचारलं, "बाबुराव, हे कुंकू कुणी लावलं?"

बाबुरावांनी आधी मॅनेजरसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्यांचा बांध फुटला. "मी काय करू, साळवेभाऊ? ह्यानं माझा गुडघा वाचिवला. मना वाटला, ह्याची पूजा कराला नको? वैद्यसाहेबांनी मंतर बोलले ना त्यावं! आता मंतर बोललेल्यावं पाय कसा ठेवू? मना नाय जमत. मेलो तरी नाय जमत!"

गेटवर आम्ही सातआठ जण होतो. कुणी हसलं नाही. मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. त्या नजरेचं वर्णन मी इथे करणार नाही.

मी पुढे होऊन म्हणालो, "त्यात काय एवढं, ओल्या फडक्याने पुसून टाकतो." साहेबांनी मला हाताने थांबवलं. "नको, साहेब. पुसून बाबुरावांच्या मनातलं जाणार नाही. तुम्ही पूजा बसवलीत, तर उठवायची पण रीत असेल ना तुमच्यात? गणपती नाही का तुम्ही उत्तरपूजा करून हलवता? तशी करा. एकदा पूजा उठली, की ते नुसतं लाकूड."

दीक्षाभूमीवरून त्याच सकाळी परतलेला माणूस मला उत्तरपूजेची आठवण करून देत होता. स्वतःची नोकरी टांगणीला लागलेली असताना त्यांना घाई नव्हती. चीडही नव्हती. पुढे मी त्यांना विचारलं होतं, "तुमचा या सगळ्यावर विश्वास नाही, मग तुम्ही मला पुसू का दिलं नाहीत?" ते म्हणाले, "माझा नाही. पण पाय बाबुरावांचा होता. मन मागं ठेवून पाय पुढं टाकायला लावलं, तर तो पाय ऐन वेळी दगा देतो." या एका वाक्यात मला साळवेसाहेब सगळे भेटले.

कॅन्टीनमधून तांदूळ आले. कारखान्याच्या गेटवर, भर सकाळी, मी गाडीत अर्धा शिरून एका लाकडी ठोकळ्याची उत्तरपूजा केली. आवाज या खेपेला खणखणीत नव्हता. अक्षता वाहिल्या, ठोकळा किंचित हलवल्यासारखा केला, फूल उचललं. बाबुरावांनी ठोकळ्याला शेवटचा नमस्कार केला आणि फूल खिशात ठेवलं. मग स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. सीटवर बसले, डावा पाय उचलला, एकदा माझ्याकडे बघून खात्री करून घेतली आणि पाय ठोकळ्यावर ठेवला. त्यांच्या तोंडून जो निःश्वास निघाला, तो गेटपर्यंत ऐकू आला.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "उतरा, बाबुराव. मी चालवतो."

या वेळी शेजारी साळवेसाहेब बसले. मॅनेजरसाहेब स्वतः रोज कल्याणहून गाडी चालवत येत. पाठीमागे उशी घेऊन बसत, हे आम्ही सगळे जाणून होतो. निघण्यापूर्वी साहेबांनी त्यांची सीट दोन बोटं पुढे घेतली, एवढंच केलं. अर्ध्या तासाने गाडी परत आली. इंजिन बंद झालं. मॅनेजरसाहेब उतरले नाहीत. तसेच बसून राहिले, हात मांडीवर, डावा पाय ठोकळ्यावर. बराच वेळ. शेवटी मीच दाराशी गेलो. त्यांनी विचारलं, "वैद्य, तो मेमो कुठाय?"

मी फाइल पुढे केली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मी टाइप केलेल्या मेमोच्या खालीच लिहिलं: 'सर्व गाड्यांना बसवावेत. काम श्री. साळवे यांनी करावे.' मग काच वर करता करता बाबुरावांकडे न बघताच म्हणाले, "गुडघ्याबिडघ्याचं कुणी काही बोललं असेल, तर ते मी ऐकलेलं नाही."

त्या दिवशी ड्रायव्हर मंडळींनी साहेबांना अक्षरशः खांद्यावर घेतलं. गोंधळ एवढा झाला की वेल्डिंग विभागातून माणसं बघायला आली. साहेब वरून ओरडत होते, "खाली उतरवा, माझा पाय लटकतोय!" आणि खाली मी सगळ्यांना दसऱ्याचे उरलेले पेढे वाटत होतो.

पुढच्या वर्षांत त्या ठोकळ्याचं लोण पसरत गेलं. अंबरनाथच्या टॅक्सीवाल्यांनी ते बसवून घेतले, बदलापूरच्या दोन डॉक्टरांनी घेतले. साहेबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. मात्र सुतळीने पाय मोजल्याशिवाय कुणालाही ठोकळा दिला नाही. एका टॅक्सीवाल्याने भावाच्या मापाचा ठोकळा मागितला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, भावाचा चष्मा लावशील का?" आणि त्याला भावाला घेऊन यायला परत पाठवलं.

दर रविवारी सकाळी ते बेलवलीच्या मोकळ्या मैदानात मित्राच्या जुन्या गाडीवर गाडी शिकवू लागले. त्यांनी लवकर निवृत्ती घेतल्यावर त्याचाच कुळगावात रीतसर क्लास झाला, तो आपण सर्व जण जाणताच. त्यांच्या क्लासची एक रीत या भागात प्रसिद्ध आहे. पहिल्या दिवशी गाडी सुरूच होत नाही. नुसतं बसायचं. सीट पुढे-मागे करायची, आरसा लावायचा, डावा पाय ठोकळ्यावर ठेवायचा, उचलून क्लचवर न्यायचा, परत ठोकळ्यावर. शंभर वेळा. पुष्कळ तरुण मुलं पहिल्याच दिवशी "ये क्या, सर, गाडी तो चलाओ" म्हणत वैतागतात. साहेब त्यांना म्हणतात, "चलेगी. पहले तू बैठना सीख."

मीसुद्धा त्यांच्याकडे शिकायला गेलो होतो. हे बऱ्याच जणांना माहीत नाही आणि माहीत नसलेलंच बरं होतं. पण गौरवलेखात खरं लिहावं. पहिल्या दिवशी मी उत्तम बसलो. दुसऱ्या दिवशी मी गाडी मैदानातल्या गोलपोस्टवर घातली. तिसऱ्या दिवशी त्याच गोलपोस्टवर, दुसऱ्या बाजूने. साहेबांनी दोन आठवडे माझ्यावर मेहनत घेतली, आवाज एकदाही चढवला नाही, आणि शेवटी एका सकाळी हात जोडून म्हणाले, "वैद्यसाहेब, तुमचं डोकं नियमात फार पक्कं आहे. पाय त्याचं ऐकत नाहीत. वहिनींना पाठवा."

माझी पत्नी सुलभा तोवर स्कूटरवरसुद्धा मागे जीव मुठीत धरून बसणारी. साहेबांचा निरोप सांगितला तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, तिला ती थट्टा वाटली. साहेब स्वतः घरी आले. चहा घेतला. तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "ताई, तुम्ही एका हातानं पोळी लाटता, दुसऱ्यानं तव्यावरची उलटता, आणि मध्येच यांना ओरडताही. गाडीत याहून जास्त काही नसतं." तिच्यासाठी त्यांनी वेगळा, उंच ठोकळा बनवला, कारण तिची उंची कमी. साडी क्लचमध्ये अडकू नये म्हणून त्याची कडा गोल घासली. सहा आठवड्यांत सुलभा बदलापूर ते अंबरनाथ एकटी गाडी घेऊन गेली आणि परत आली. त्या दिवशी तिने साहेबांना जेवायला बोलावलं आणि मला वाढायला लावलं.

आमच्याकडे पुढे एक जुनी गाडी आली. सुलभाचा तो उंच ठोकळा साहेबांनी स्वतः येऊन तिच्यात बसवून दिला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रविवारची दुपार, जेवणं झालेली. मी पेपर वाचत होतो आणि एकाएकी छातीत असं काही दाबल्यासारखं झालं, की पेपर हातातून गळाला. डाव्या हातात कळा, अंगाला दरदरून घाम. सुलभाने एकच वाक्य उच्चारलं, "उठा, बसा गाडीत." उल्हासनगरच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता. मी तिच्या शेजारच्या सीटवर अर्धवट आडवा. मला मान उचलवत नव्हती, त्यामुळे मला रस्ता दिसत नव्हता, तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता फक्त तिचा डावा पाय. अंबरनाथचं रेल्वेफाटक बंद होतं. आम्ही थांबलो. मी घाबरलो होतो, आता सांगायला हरकत नाही, भयंकर घाबरलो होतो. आणि समोर तिचा पाय ठोकळ्यावर टेकलेला, निवांत. बोटंसुद्धा हलत नव्हती. फाटक उघडलं, पाय क्लचवर गेला, गाडी निघाली, पाय पुन्हा जागेवर. इतक्या शांतपणे, की मला वाटलं, हिला एवढी खात्री आहे तर मी मरणार नाही. मी तो पाय बघत बघत रुग्णालयात पोचलो.

डॉक्टरांनी मला आत घेतलं. नंतर बाहेर येऊन त्यांनी सुलभाला पहिला प्रश्न विचारला, "यांना कुणी आणलं?" ती म्हणाली, "मी." डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत."

चौथ्या दिवशी साळवेसाहेब भेटायला आले. पलंगाशेजारी स्टुलावर बसले. त्यांना पाहिल्यावर मला रडू आवरेना. मी म्हणालो, "साहेब, मी टाइप केलेला तो मेमो जर त्या दिवशी मंजूर झाला असता, तर तुम्ही गेटवर गेला असता. ना मैदान, ना क्लास, ना सुलभाच्या हातात गाडी. मी माझ्याच हाताने माझं मरण टाइप केलं होतं, साहेब. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत."

साहेबांनी माझा हात हातात घेतला. त्यांचेही डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "मला एवढंच सांगा, फाटकापाशी ताईंनी गाडी न्यूट्रलला टाकली होती ना?"

टाकली होती, साहेब. पाय ठोकळ्यावर होता.

वामनराव, आज तुम्ही साठ वर्षांचे झालात. समारंभाला येणारे तुमचे विद्यार्थी, ड्रायव्हर मंडळी, मांजर्लीहून मुद्दाम येणारे बाबुराव, सगळे तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील, आणि त्यात मीही आहेच. पण माझी मागणी जरा स्वार्थी आहे. त्या रविवारनंतरचा माझा प्रत्येक दिवस तुमच्या नावावर आहे. असे जेवढे दिवस मला मिळतील, त्याच्या दुप्पट तुम्हाला मिळोत. तुमची पाठ ताठ राहो, दोन्ही गुडघे दुखण्यावाचून राहोत, आणि रोज सकाळी कुळगावच्या त्या गाडीत तुमच्या शेजारी एखादी नवी ताई भीत भीत येऊन बसो. तिचा डावा पाय कुठे ठेवायचा, हे तिला तुमच्याशिवाय कोण सांगणार? तिच्या घरीही कुणीतरी तिची वाट बघत असेल, आणि त्या माणसाला अजून माहीत नसेल की तुम्ही त्यालाही वाचवून ठेवलं आहे.